ओसरत्या पाण्याचा वसंत



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मी बोलावे असे ठरले, तेव्हा संयोजकांच्या मनात व्यापार, जीएसटी किंवा फार तर बदलती बाजारपेठ असा एखादा विषय असावा. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. चाळीस वर्षे कापडाच्या गादीवर बसलेला माणूस. वनस्पतिशास्त्राचे किंवा पक्षिशास्त्राचे रीतसर शिक्षण मला नाही. परंतु तरुणपणी शेवगाव-पैठण भागातील किरकोळ दुकानदारांकडे वसुलीसाठी एस.टी.ने जावे लागे, आणि मार्चअखेरीमुळे या फेऱ्या नेमक्या फाल्गुन-चैत्रातच होत. त्या फेऱ्यांनी मला नाथसागराचा आपल्या जिल्ह्याकडील काठ दाखविला. पुढे वसुलीचे काम मुलांकडे गेले. काठावर जाणे मात्र सुटले नाही. आज त्याविषयीच बोलण्याची अनुज्ञा मी घेतली आहे.

रानफुले म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पावसाळा येतो. कासचे पठार असो की आपल्या अकोले तालुक्यातील भंडारदरा, रतनवाडी, घाटघरचा परिसर असो, तेथील फुलांचा उत्सव श्रावण-भाद्रपदाचा. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई याच तालुक्यात, आणि धो धो पाऊसही तेथलाच. सह्याद्री उतरून आपण पूर्वेकडे येऊ लागलो की पाऊस झपाट्याने कमी होत जातो. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डी, शेवगाव हे सारे पर्जन्यछायेतील तालुके. येथे माघ सरला की माळ पिवळा पडतो, आणि वसंत ऋतू केवळ पंचांगात उरला असे वाटू लागते.

पण तसे नाही. पाथर्डीकडील गर्भगिरीच्या उतारांवर पळस याच दिवसांत पेटतो. काटेसावर आणि पांगारा पाने टाकून लाल होतात. पळसाची फुले उकळून काढलेला केशरी-पिवळा रंग रंगपंचमीला वापरण्याची जुनी रीत आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तो रंग सुंदर खरा, परंतु कच्चा. दोन धुण्यांत जातो. सावरीच्या बोंडांतील कापूस तर पाहताना रेशमासारखा, तरी त्याचा धागा निघत नाही. तंतू आखूड आणि गुळगुळीत, एकमेकांना धरतच नाहीत. म्हणून सावरीची जागा उशीत. मागावर तिचे काम नाही. असो. धंद्याची सवय सुटत नाही, हे आपण समजून घ्याल.

माझा आजचा मुख्य विषय डोंगरावरचा नसून पाण्याकाठचा आहे. पैठणजवळच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ साली झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. बांध सुमारे दहा किलोमीटर लांबीचा, दरवाजे सत्तावीस. मागे जो जलाशय झाला त्याला नाथसागर हे नाव मिळाले. तो भरला म्हणजे सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर भूभाग पाण्याखाली असतो. त्याचा मोठा भाग आपल्या शेवगाव आणि नेवासे या तालुक्यांना लागून आहे. प्रवरासंगमापर्यंत फुगवटा येतो. शंभरावर गावांना या पाण्याची झळ लागली, अनेक गावे मुळातूनच उठली. नाथसागर म्हटले की आपल्या जिल्ह्यात मुळा-भंडारदऱ्याच्या पाण्याचा तंटा आधी आठवतो. तो तंटा खरा आहे आणि त्यात आपली बाजूही आहे. पण आज तो बाजूला ठेवू या.

या जलाशयाचा एक विशेष ध्यानात घेतला पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. भंडारदरा ही डोंगरांमधली खोल वाटी. नाथसागर मात्र पसरट ताटलीसारखा. एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी, त्यातील २६ टीएमसी मृतसाठा. गोदाकाठची जमीन इतकी सपाट की पाण्याची पातळी हातभर खाली गेली तरी काठ कितीतरी पावले मागे सरतो. कालव्यांतून आवर्तने सुटतात, ऊन वाढते, आणि माघापासून वैशाखापर्यंत रोज थोडी थोडी नवी जमीन उघडी पडत जाते. आज चिखल, आठवड्याने ओल, पंधरवड्याने भेगा. मी ज्याला ओसरत्या पाण्याचा वसंत म्हणतो तो या उघड्या पडणाऱ्या पट्ट्यावर येतो. आपल्याकडे फुलांच्या वेळेचे गणित पावसावरून मांडतात. येथे ते पाणी किती मागे गेले यावरून मांडावे लागते.

या पट्ट्यावर गुडघे टेकून पाहावे लागते, कारण फुले लहान आहेत. जलपिंपळी जमिनीला चिकटून गालिच्यासारखी पसरते. तिची पांढरी-गुलाबी फुले तांदळाच्या कणीएवढी, पण सकाळी आठ-नऊच्या सुमारास त्यांवर मधमाश्या आणि लहान फुलपाखरे इतकी असतात की त्यांचा गुंजारव कानांवर येतो. माशीपत्रीची पिवळी बटणे चिखल सुकू लागला की दिसतात. गोरखमुंडीचे जांभळट-गुलाबी गेंद सर्वांत देखणे; वैद्यमंडळी त्यांना फार मानतात. थोडे वर, कोरड्या भागात, भुईरिंगणी काट्यांच्या पानांतून निळी-जांभळी फुले वर काढते. उटकटाऱ्याचे काटेरी चेंडू, रुईचे झुबके, आणि बांधाबांधाने पिवळा धोतरा. हा धोतरा मूळचा मेक्सिकोकडचा. त्याचे बी मोहरीसारखे दिसते, आणि त्याचे तेल मोहरीच्या तेलात मिसळल्याने १९९८ साली दिल्लीत अनेक माणसे दगावली, हे व्यापारी म्हणून आपण विसरू नये. पाण्यालगत गुलाबी कण्यांची फुले मिरविणारी बेशरमही परदेशी, दक्षिण अमेरिकेतली. गुरे तिला तोंड लावीत नाहीत म्हणून ती वाढतच जाते, आणि जेथे ती माजते तेथे जलपिंपळी आणि गोरखमुंडी दिसत नाहीत. दिसायला ती सर्वांत मोठी. छायाचित्रे लोक तिचीच काढतात.

आता पक्ष्यांकडे वळू. नाथसागराला १९८६ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०१७ साली त्याभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले. दोनशेहून अधिक जातींची नोंद येथे झाली आहे. सर्वांची नावे सांगण्याचा माझा अधिकार नाही आणि आपल्याला तितका वेळही नाही. मराठी नावांची ज्यांना आवड असेल त्यांनी मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश अवश्य पाहावा. चितमपल्ली सोलापूरचे, २०२५ साली ते आपल्याला सोडून गेले.

माघ-फाल्गुनात उथळ पाण्यात रोहित दिसतात. त्यांना अग्निपंख असेही म्हणतात. मान खाली वाकवून, डोके उलटे करून, ते चोचीने चिखलपाणी गाळतात. आपल्या घरांत पाण्याच्या हंड्यावर मांजरपाटाचे गाळणे बांधण्याची रीत. त्याच्या चोचीच्या कडांना तसेच बारीक दाते असतात. फरक इतकाच की आपण जीव वाचावेत म्हणून गाळतो, तो पोट भरावे म्हणून. त्याचा गुलाबी रंग अन्नातून, सूक्ष्म शेवाळे आणि बारीक जलचर यांतून येतो. पिल्लू करडे जन्मते. खाणे बदलले की रंग फिका पडतो. म्हणजे आमच्या भाषेत हाही कच्चाच रंग.

पट्टकादंब हा डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला हंस. लडाख-तिबेटच्या सरोवरांकाठी तो वीण करतो, हिवाळ्यात आपल्याकडे येतो, आणि फाल्गुनात परत निघतो. हिमालय ओलांडताना त्याने सात हजार मीटरच्या आसपासची उंची गाठल्याचे उपकरणे बांधून मोजले गेले आहे. आपल्या कळसूबाईच्या चौपटीहून ते अधिक झाले. संस्कृत काव्यातील चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, कपाळावर पांढरा टिळा असल्याने वारकरी म्हणून ओळखला जाणारा काळा पाणपक्षी, असे बरेच सोबती याच वेळी दिसतात. भोरड्या तर शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीच्या. हुरड्यापासून त्या ज्वारीवर उतरतात आणि माचाणावरचा गोफणीचा आवाज त्यांच्यासाठीच असतो. पळस फुलला की त्याच भोरड्या पळसावर जमतात, म्हणून त्यांचे दुसरे नाव पळसमैना. संध्याकाळी काठच्या बाभळींवर त्यांचे थवे उतरू लागले की आकाशात काळे वस्त्र कोणी झटकत आहे असे वाटते. एप्रिल सरेपर्यंत त्या मध्य आशियाकडे गेलेल्या असतात.

पाहुणे जातात तेव्हा पुष्कळ मंडळी दुर्बिणी आवरून ठेवतात. वास्तविक ज्या वेळी आपण जपून राहावे ती वेळ तेव्हाच सुरू होते. टिटवी, शेकाट्या, चिखल्या, पाणभिंगरी आणि नदी सुरय हे घरचे पक्षी. ते चैत्र-वैशाखात उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. झाड नाही, काड्यांचे घरटे नाही. टिटवीला चार खडे आणि टाचेएवढा खळगा पुरतो. अंड्यांचा रंग मातीचा, त्यांवर काळपट ठिपके. दोन हातांवरून पाहिले तरी ती दिसत नाहीत. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस चांगला, खोलगट जागी घातली तर ओढ, असा एक आडाखा जाणते शेतकरी सांगतात. तो किती खरा हे मी सांगू शकणार नाही. पण तो आडाखा मांडण्यासाठी अंडी कोठे आहेत हे पाहावे लागत होते, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

चैत्रातील दुपारी या जमिनीवर पाय ठेववत नाही. अशा वेळी पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब देण्यासाठी नव्हे, सावली धरण्यासाठी. टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. नदी सुरयही तसेच करतो. आता आपण तेथे गेलो, टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली, आणि आपण मोबाइल काढून उभे राहिलो, तर काय होते? आपण अंड्याला हातही लावलेला नसतो. तरी आपण उभे आहोत तोवर ती खाली उतरत नाही, आणि अंडे उन्हात भाजत राहते. जीव घेतल्याची जाणीवही न होता जीव जाण्याचा हा प्रकार आहे.

नदी सुरयाची अडचण याहून निराळी. तो करड्या पाठीचा, पिवळ्या चोचीचा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी. जागतिक यादीत २०२० पासून तो संकटप्रवण गणला जातो. कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचण्यासाठी तो पाण्याने वेढलेले लहान बेट निवडतो. निवड शहाणपणाची असते. परंतु नाथसागर पसरट आहे हे मी आधी सांगितले. अंडी घालतेवेळी जे बेट असते ते पिल्ले बाहेर येईपर्यंत, म्हणजे तीनएक आठवड्यांत, जमिनीला जोडले जाते. मग कुत्री चालत पोहोचतात, गुरे तुडवीत जातात. २०१५-१६ आणि २०१८-१९ यांसारख्या दुष्काळी वर्षांत, जेव्हा साठा मृतपातळीखाली गेला, तेव्हा काठ किती वेगाने मागे पळत होता हे आपल्यापैकी शेवगावकरांनी पाहिले आहे.

याच जमिनीवर माणसेही उतरतात. पाणी ओसरले की गाळपेर होते. गहू, हरभरा, उन्हाळी भुईमूग, काकडी, टरबूज. गाळपेर करणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे, मला ते योग्य वाटत नाही. यांतील पुष्कळांच्या बापजाद्यांच्या जमिनी याच पाण्याखाली गेल्या. वर्षातून चार महिने त्यांना त्या परत दिसतात.

दहिफळच्या बाजूला एका चैत्रात मी काठाकडे उतरत असताना एका वृद्ध शेतकऱ्याने दुरूनच हाक दिली, "शेठ, तिकून नका येऊ. वरच्या अंगानं या. तिथं टिटवीनं घातलीत." मी वळसा घालून गेलो. भुईमुगाच्या वाफ्यांमध्ये खाटेएवढा तुकडा त्याने तसाच सोडला होता आणि चारी कोपऱ्यांवर तुराट्या रोवल्या होत्या.

मी विचारले, "बाबा, एवढी जागा वाया नाही का गेली?"

"वाया कशी? पाणी आलं की समदंच जायचंय. तिची तीन हप्त्यांची बात हाये, माझी तीन म्हयन्यांची."

आठवडाभराने मी पुन्हा गेलो. चारांपैकी दोनच अंडी उरली होती. शेजारच्या वस्तीवरच्या कुत्र्याने दोन नेली, असे त्याने सांगितले. उरलेल्या दोहोंचे काय झाले ते कळले नाही, कारण लग्नसराई सुरू झाली आणि बस्त्यांच्या गर्दीत मला महिनाभर दुकान सोडता आले नाही.

आपल्या साधू-साध्वींच्या विहारात पुढची साडेतीन-चार हात जमीन पाहून पाऊल टाकण्याचा नियम आहे. इर्यासमिती आपण सर्वजण ऐकून जाणतो. शहरातील डांबरी रस्त्यावर तिचा अर्थ आपल्याला पुरता कळत नाही. नाथसागराच्या उघड्या काठावर तो प्रत्येक पावलाला कळतो. चातुर्मासात जीवोत्पत्ती अधिक म्हणून विहार थांबतो. या काठापुरते बोलायचे तर चैत्र-वैशाख हेच दोन महिने पाऊल आवरण्याचे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलतो. ज्येष्ठांनी राग मानू नये. जीवदया म्हटली की आपला हात प्रथम दाण्याच्या पोत्याकडे जातो. चबुतरा, परबड्या, पांजरपोळ ही आपली परंपरा थोर आहे. मुंबईतील कबुतरखान्यांवरून २०२५ साली झालेला वाद आपण वाचला. त्यात मी आज शिरत नाही. माझे म्हणणे इतकेच की रोहिताला ज्वारी खाता येत नाही. सुरय मासे खातो, चिखल्या किडे टिपतो. या जीवांसाठी आपण पोतीच्या पोती धान्य ओतले तरी त्यातला एक दाणा त्यांच्या कामाचा नाही. त्यांना तीन-चार आठवडे मोकळी, निर्धास्त जमीन हवी आहे, आणि ती बाजारात विकत मिळत नाही.

त्या जमिनीवर नवी मागणीही आली आहे. नाथसागरावर तरंगता सौरऊर्जा प्रकल्प उभारण्याची योजना असून, त्याविरुद्ध मासेमारी करणाऱ्या कहार समाजाच्या वतीने केलेले अपील सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली फेटाळले. वीज आपल्या दुकानांनाही लागते. मी विरोधाचा झेंडा घेतलेला नाही. पण उथळ काठ मोकळे ठेवून खोल पाण्यात काय उभारता येईल, हा प्रश्न विचारण्याचा हक्क काठावरच्या जिल्ह्याला आहे.

ज्यांना शेवगावपर्यंत जाणे शक्य नाही त्यांनी श्रीगोंदे तालुक्यात हंगा नदीवरचा ब्रिटिश काळातील विसापूर तलाव पाहावा. नगरजवळचा पिंपळगाव माळवी तलाव किंवा भातोडीचा तलाव पाहावा. भातोडीला १६२४ साली मलिक अंबरने तलावाचे पाणी सोडून शत्रूची छावणी चिखलात अडकविली, आणि शहाजीराजांसह निजामशाही फौजेने मोगल-आदिलशाही सैन्याचा पराभव केला. आपल्या जिल्ह्यात चिखलाने इतिहास घडविला आहे, तेव्हा त्याकडे पाहताना नाक मुरडण्याचे कारण नाही. आणि नाथसागराच्या पैलतीरावर पैठण आहे. त्या गावच्या मागांवर पैठणीच्या पदरात मोर, कमळ आणि काठावर हिरव्या मुनियांची ओळ शतकानुशतके विणली गेली. ती साडी मी आयुष्यभर विकली. गिऱ्हाईक काठ आधी पाहते, मग अंग.

आता व्यवहाराचे बोलून थांबतो. फाल्गुन शुद्ध पक्षात एका रविवारी आपण पन्नास जणांची बस काढावी, असा माझा प्रस्ताव आहे. पहाटे पाचला नगरहून निघून घोटणमार्गे दहिफळला साडेसातपर्यंत पोहोचता येईल. साडेदहानंतर उन्हाने काही दिसत नाही. भडक कपडे नकोत. खाकी, राखाडी किंवा मळकट हिरवा रंग बरा, पांढराशुभ्र तर नकोच. दुर्बिणी माझ्याकडे दोन आहेत, आळीपाळीने पाहू. पाडव्यानंतर मात्र सहल काढू नये. तेव्हा उघड्या पट्ट्यावर न उतरता बांधावरूनच पाहावे. दुसरे असे की, जीवदया निधीतून चैत्र-वैशाखातील सहा आठवड्यांसाठी काठच्या गावांतील चार तरुणांना मानधन द्यावे, त्यांनी वनविभागाच्या संमतीने सुरयांच्या बेटांकडे जाणारी कुत्री आणि गुरे अडवावीत, आणि अंड्यांभोवती तुराट्या रोवणाऱ्या शेतकऱ्यांना बियाण्यापुरती मदत करावी, असा अर्ज मी विश्वस्त मंडळाकडे लेखी दिला आहे. खर्चाचा अंदाज सोबत जोडला आहे. मंडळाची बैठक पौष महिन्यात आहे. निर्णय त्यानंतर झाला तर या वर्षीची अंडी त्यात सापडणार नाहीत.